सुपाखालचा खडा

पायाळूबायच्या डाव्या पायाला डहाणू-तलासरीकडचे लोक वाकून नमस्कार करायचे. तिच्या हातांकडे मात्र कुणी ढुंकूनही बघितलं नाही. जे काही होतं ते त्या हातांत होतं. हे मला ठाऊक होतं, आणि जेव्हा बोलायला हवं होतं तेव्हा मी बोललो नाही. म्हणून आज हे लिहायला बसलो आहे.

पायाळू म्हणजे आईच्या पोटातून पायाकडून बाहेर आलेलं माणूस. अशा माणसाचा पाय पाठीला लागला की उसण जाते, हे आपल्याकडे शाळेत न जाताही सगळ्यांना माहीत असतं. बाय सायवनच्या पुढच्या एका पाड्यावर राहायची. पन्नाशीची, काटकुळी, गुडघ्यापर्यंत नेसलेलं लुगडं, आणि कमरेला खोकल्याच्या औषधाची जुनी बाटली. बाटलीत मोहाच्या बियांचं तेल असायचं. थंडीत ते गोठायचं, मग बाय बाटली काखेत धरून बसायची. तिचं खरं नाव फार कुणाला माहीत नव्हतं. मलाही चार वर्षांनी कळलं, तेही एका कॅम्पच्या यादीत वाचून.

२०१४ साली मी फिजिओथेरपी शिकून परत आलो आणि डहाणू स्टेशनजवळ दोन खाटा, एक मशीन आणि एक भलाथोरला बोर्ड एवढ्या भांडवलावर दवाखाना थाटला. पहिली पेशंट अर्थात आई. आमची चिकूची वाडी आहे. जाळीची लांब काठी घेऊन वर बघत चिकू काढायचे आणि मग खाली बसून ते निवडायचे, यात आईचा उजवा खांदा आखडला होता. खांद्याच्या पात्याखाली, कण्याच्या बाजूला, एका ठिकाणी तिला टोचायचं. महिनाभर मी तिला रोज मशीन लावलं. ती रोज म्हणायची, "बरं वाटतंय हो." मुलगा डॉक्टर झाला की आईला खोटं बोलायला शिकावं लागतं.

एके दिवशी दुपारी जेवायला घरी आलो तर ओटीवर आई पालथी पडलेली, आणि एक अनोळखी बाई एका हातानं खांब धरून तिच्या पाठीवर डावा पाय घासत होती.

"हे काय चाललंय?" मी ओरडलो.

आई पालथ्यानंच म्हणाली, "ओरडू नको. महिनाभर तुझ्या मशिनीनं नुसत्या गुदगुल्या झाल्या. आता जरा माणसाचा हात लागू दे."

"हात? पाय आहे तो!"

बाई खाली उतरली, पदराला हात पुसत माझ्याकडे बघून हसली. "हात कवाचा झाला, डाक्तर. ह्यो पाय वरचा."

दुसऱ्या दिवशी आईनं फडताळाच्या वरच्या खणातली लोणच्याची बरणी हात वर करून काढली. मला दाखवून दाखवून काढली. जेवणात तेव्हा लोणच्याची काही गरज नव्हती.

मला राग आला होता, पण रागापेक्षा कुतूहल मोठं होतं. बाजाराच्या दिवशी मोटारसायकल काढून तलासरीला गेलो. बाजाराच्या कडेला चिंचेखाली गोणपाट टाकून बाय बसली होती, आणि समोर रांग. बागांतले चिकू काढणारे, डोक्यावर टोपल्या वाहून मान बसलेल्या झाईकडच्या मासळीवाल्या, फुग्यांच्या कारखान्यातल्या पोरी. मी लांब उभा राहून दोन तास बघत होतो. कॉलेजात चार वर्षांत जे बघितलं नव्हतं ते त्या गोणपाटावर बघितलं.

आधी ती दुखऱ्या बाजूचा हात मागे पाठीवर घ्यायला लावायची, तळवा बाहेर उघडा. असा हात घेतला की खांद्याचं पातं आतल्या कडेनं आपोआप उचलतं, बरगड्यांपासून सुटं होतं. त्या पात्याला ती सूप म्हणायची, आणि त्याखाली आखडलेल्या स्नायूच्या गाठीला खडा. मग एका तळव्यानं पुढून खांदा अलगद वर धरायची आणि दुसऱ्या हाताची चार बोटं पात्याच्या कडेखाली सरकवायची. "खडा सुपाखाली बसते," ती म्हणायची. "सूप उचलल्याबिगर खडा कसा गावल? तुमी लोक सुपावरूनच घासता." 'तुमी लोक' म्हणजे मी आणि माझं मशीन.

अंगठा ती कधीच वापरायची नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "आंगठा उतावळा. त्याला वाटते, लगेच फोडू. खडा फोडायचा नसते, दमवायचा असते." दमवायचा म्हणजे नुसतं धरून ठेवायचं. समोरच्याचा श्वास बाहेर गेला की बोटं गव्हाच्या दाण्याएवढी आत जायची. श्वास आत आला की जिथल्या तिथं थांबायची. मागे कधीच यायची नाहीत. समोरचा अंग चोरायला लागला की ती त्याच्या भाषेत सांगायची. पाड्यावरच्याला "सैल सोड", उंबरगावकडून आलेल्याला "ढीलुं मूको", कारखान्यातल्या बिहारी पोराला "छोड दे भाई, छोड दे". बाहेरच्या दोन्ही भाषा तिला तेवढ्याच येत होत्या, आणि तेवढ्या पुरत होत्या.

खडा विरघळला की माणसाच्या तोंडून एक लांब उसासा निघायचा. मग ती त्याला पालथं करायची आणि डाव्या पायाचा तळवा पाठीवरून तीन वेळा फिरवायची. लोक उठायचे, खांदा फिरवून बघायचे, आणि त्या पायाला नमस्कार करायचे. हात तोवर तेलाच्या बाटलीला बूच लावत असायचे. ती पैसे घ्यायची नाही. पायाळूनं पैसे घेतले तर गुण जातो, असं लोक म्हणत आणि लोकांना ते फार सोयीचं होतं.

ओळख वाढल्यावर मी एकदा शहाणपणानं म्हणालो, "बाय, गुण तुझ्या हाताचा आहे. पाय लावायचं सोडून दे, ती अंधश्रद्धा आहे."

ती बराच वेळ हसली. "पाय लोकांसाठी, डाक्तर. हात दुखण्यासाठी. नुसता हात लावला तं म्हणतील, बाईनं चोळला. पाय लावला तं म्हणतात, देवानं चोळला. बाईनं चोळलेला टिकत नाय."

"पण तू खरंच पायाळू आहेस ना?"

"माझी आयस शेतावर व्याली. एकलीच व्हती. आधी पाय आला का डोका, ता तिनाच बघितला." आणि डोळे मिचकावून पुढच्या माणसाला बोलावलं.

तेलाची बाटली उघडण्याआधी मात्र तिचा एक नियम होता आणि तो कुणासाठी मोडत नसे. ती दुखरा हात वर करायला लावायची, मग पुढे, मग मागे, आणि विचारायची, "हलला?" म्हणजे दुखणं जागचं हललं का, वाढलं का, कमी झालं का. हललं असेल तर ती बसा म्हणायची. नसेल तर बाटलीचं बूच तसंच राहायचं. "हलल ता माझा. नाय हलल ता डाक्तराचा." झाईच्या एका खलाशाला उजव्या पात्याखाली दुखत होतं. हात कसाही फिरवला तरी दुखणं ढिम्म हललं नाही. तिनं बोटसुद्धा लावलं नाही, दवाखान्यात पाठवलं. त्याच्या पित्ताशयात खडे निघाले. म्हणजे खडा होताच, पण तिच्या सुपाखालचा नव्हता. बरा होऊन तो पेढे घेऊन आला आणि नमस्कार केला तो पुन्हा पायालाच, ज्या पायानं त्याला काहीच केलं नव्हतं.

मी तिला शिकवायला सांगितलं तेव्हा ती लाजली होती. "डाक्तर मना विचारते!" असं शेजारच्या खराटेवालीला दोनदा सांगितलं. मग आमच्याच ओटीवर, आईच्याच पाठीवर, तिनं माझी बोटं आपल्या बोटांखाली धरून शिकवलं. माझी बोटं घाई करायला लागली की ती वरून चापट मारायची. "थांब. तिला सोडू दे. तुला काय गाडी पकडायचीय?" दर आठवड्याला येत होती, वर्षभर. जाताना आई तिला चहा आणि चिकूची टोपली द्यायची. चहा ती आवडीनं प्यायची, चिकू पाड्यावरच्या पोरांना वाटून टाकायची.

पुढच्या दिवाळीला मी बोर्डावर एक ओळ वाढवली: 'खांदेदुखी व पाठदुखीवर विशेष हस्तोपचार'. पेशंट विचारायचे, डॉक्टर, ही पद्धत कुठली? मी तिला एक इंग्रजी नाव देऊन टाकलं होतं, ते सांगायचो. नाव ऐकून लोकांचा खांदा निम्मा तिथंच सैल व्हायचा. तिचा पाय तसं माझं इंग्रजी. पण ती आपल्या पायाला फसली नव्हती, मी माझ्या इंग्रजीला फसलो.

त्याच सुमाराची, परतीच्या पावसातली गोष्ट. तलासरीच्या बाजारात भर दुपारी आभाळ काळं झालं आणि विजा कडाडायला लागल्या. सगळे धावत एका भांडीवाल्याच्या पत्र्याखाली शिरलो. बायही आली. तेवढ्यात एक माणूस तिला म्हणाला, "बाय, तू जरा तिकडं थांब ना. पायाळूवर वीज येते." तासाभरापूर्वी त्याच माणसाची आखडलेली मान तिनं सोडवली होती. ती मान वळवूनच तो बोलला. बाय बाहेर गेली आणि एस.टी. स्टँडच्या भिंतीला पाठ लावून पावसात उभी राहिली.

माझ्या हातात छत्री होती. मी आत होतो. हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण पुढचं सगळं इथूनच सुरू झालं असं मला वाटतं. एकदा पत्र्याखाली उभं राहायची सवय लागली की माणूस तिथून हलत नाही.

पाऊस थांबल्यावर ती लुगड्याचा पदर पिळत आली. मी काहीतरी पुटपुटलो. ती म्हणाली, "त्यांचा काय चुकला? लोकांना पाय पायजे, बाय नाय पायजे." आणि स्वतःच्याच यमकावर खूश होऊन हसली. मीही हसलो. हसायला नको होतं.

आमच्या आळीत सुमनवहिनी राहायच्या. पंचेचाळिशीच्या, चिकू निवडायच्या शेडमध्ये कामाला, बोलायला मोकळ्या. २०१७च्या जानेवारीत त्यांच्या डाव्या पात्याखाली दुखायला लागलं. आईनं त्यांना बायकडे धाडलं. परत आल्या त्या रुसूनच, आणि सरळ माझ्या दवाखान्यात शिरल्या. तिथं काय झालं ते त्यांनी मला सगळं सांगितलं.

बायनं त्यांना हात वर करायला लावला होता. दुखणं हललं नाही. मग विचारलं होतं, चढ चढताना वाढतं का? हो. बसलं की थांबतं का? हो. बाय म्हणाली होती, "मी हात नाय लावणार. आजच्या आज मोठ्या दवाखान्यात जा, काळजाची पट्टी काढ." वहिनी म्हणाल्या होत्या, एवढ्या लांबून आले, नुसता पाय तरी लावा. त्यावर बायनं दिलेलं उत्तर वहिनींनी तिची नक्कल करत मला ऐकवलं: "पाय लावला तं तुला वाटल बरा झाला, आन तू दवाखान्यात नाय जाणार."

"काय भाव खाते बघा!" वहिनी म्हणाल्या. "मला म्हणे काळजाचं दुखणं. काढू का हो पट्टी?"

मी हसलो. म्हणालो, "ई.सी.जी.ची काही गरज नाही वहिनी. चिकू निवडून निवडून स्नायू आखडलाय. चार दिवस या."

मी त्यांचा हात वर करून बघितला नाही. हात मागे घ्यायला लावला, सूप उचललं, बोटं आत घातली, श्वास बाहेर गेला की आत, आत आला की थांब. सगळं अगदी तिनं शिकवलं तसं. माझी बोटं तोवर चांगली तयार झाली होती. वहिनी म्हणायच्या, किती बरं वाटतंय. चौथ्या दिवशी म्हणाल्या, तुमच्या हातात जादू आहे. पाचव्या दिवशी सकाळी शेडमध्ये चिकूच्या क्रेटवर डोकं टेकून बसल्या त्या उठल्याच नाहीत. दवाखान्यात नेलं, पण तिथं करण्यासारखं काही उरलं नव्हतं. हृदयविकार, असं लिहून दिलं.

मी बायकडून चोळणं शिकलो होतो, न चोळणं शिकलो नव्हतो. चोळणं बोर्डावर लिहिता येतं.

दहाव्याला त्यांच्या अंगणात माणसं बसली होती. वहिनींची सासू भिंतीला टेकून रडत होती. मध्येच डोळे पुसून ती मोठ्यानं म्हणाली, "त्या पायाळूनं पाय लावला असता तर माझी सून जगली असती. मेलीनं हात झटकले. एवढ्या लांब गेली बिचारी, नुसता पाय लावायला काय जात होतं तिचं?" बायकांनी माना डोलावल्या. कुणीतरी म्हणालं, आकस धरला असेल. मग वहिनींचे दीर माझ्याकडे वळले. "तुमच्याकडेही येत होती ना डॉक्टर?"

सगळं अंगण माझ्याकडे बघत होतं. एक वाक्य पुरेसं होतं. तिनं दवाखान्यात जा म्हणून सांगितलं होतं, जाऊ नका म्हणून मी सांगितलं. एवढंच. ते वाक्य तोंडापर्यंत आलंही होतं. मला बोर्ड दिसला, दोन खाटा दिसल्या, बाहेर बसलेले पेशंट दिसले.

मी म्हणालो, "माझ्याकडे आल्या तेव्हा उशीर झाला होता."

आई समोरच बायकांत बसली होती. तिनं माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. तिला सगळं माहीत होतं. तीही बोलली नाही. आई होती ना. पण त्या दिवसापासून तिनं मला तिच्या खांद्याला हात लावू दिलेला नाही. दुखतं, तर दुखतं म्हणते.

माझं वाक्य मोटारसायकलीपेक्षा लवकर तलासरीला पोचलं. डॉक्टरच म्हणाला, उशीर झाला होता म्हणून. उशीर कुणी केला? पायाळूनं. पुढच्या बाजाराला चिंचेखाली रांग नव्हती. त्याच्या पुढच्या बाजाराला दोघं-तिघं चिंचेपासून लांबून वळून गेले. मग कुणाच्या तरी तोंडून तिच्याबद्दल एक शब्द निघाला. या भागात तो शब्द एकदा बाईला चिकटला की तिच्या घरचं पाणी कुणी पीत नाही. तो मी इथं लिहीत नाही; माझ्या हातून एक वाक्य झालं तेवढं पुरे. पावसाळ्यापर्यंत त्या जागी बांगड्यावाला बसायला लागला, आणि बाय शेजारणीकडून खराटे बांधायला शिकून बाजाराच्या टोकाला ते विकायला बसली. त्या हातांत आता माडाच्या झापांच्या हिरांच्या जुड्या. मी एकदा लांबून बघितलं आणि दुसऱ्या गल्लीनं गेलो. मग तलासरीला जाणंच सोडलं. माझ्याकडचे पेशंट वाढले होते, वेळही नव्हता, असं मी स्वतःला सांगायचो. तिचेच पेशंट होते ते.

त्याच वर्षी माझ्या डाव्या पात्याखाली दुखायला लागलं. आधी वाटलं, दिवसभर वाकून काम करतो, होणारच. मित्राकडून चोळून घेतलं, शेक घेतला, वापीला जाऊन सुया टोचून घेतल्या. आणि हो, काळजाची पट्टीही काढली. दोनदा. स्वच्छ. एक्स-रे स्वच्छ. एका जागी टोचणी मात्र तशीच, दाण्याएवढी.

२०१८च्या शेवटी आमच्याकडे जमीन हलायला लागली. डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात भूकंपाचे धक्के सुरू झाले ते थांबेनात. लोक घर सोडून अंगणात, शेतात, ताडपत्रीखाली झोपायला लागले. कडाक्याची थंडी, खाली ओली जमीन. निम्म्या पाड्यांच्या पाठी आणि खांदे आखडले. जानेवारीत काही मंडळींनी तपासणीचा कॅम्प लावला आणि खांद्यांचा तज्ज्ञ म्हणून मला नेलं. यादीत बायच्या पाड्याचं नाव बघून मी नाही म्हणणार होतो, पण काय कारण देणार?

दुपारपर्यंत बायका रांगेत येत होत्या. मी सूप उचलत होतो, खडे दमवत होतो. यादीतल्या एका नावाला कुणी आलं नाही. मी विचारलं तर एक बाई हळूच म्हणाली, "ती नाय येणार. ती पायाळू." आणि पाड्याच्या टोकाच्या घराकडे हनुवटी केली.

काम आटोपून मी तिथं गेलो. बाय अंगणात खराटा बांधत बसली होती. केस पार पांढरे झालेले.

"बाय, ओळखलं का?"

"तुमाला कोण नाय ओळखत? बोर्ड हाय तुमचा." पूर्वी ती मला अरे-तुरेवर आणून चापट मारायची. आता तुमी.

तेवढ्यात जमीन हलली. घरातली भांडी खणखणली, कुत्रं भुंकलं, मी ताडकन उठलो. ती हलली नाही. "बसा," ती म्हणाली. "जमीन हलते, म्हणजे तिचा दुखणा अजून चोळण्यातला हाय."

मला एकदम तीच जुनी बाय दिसली. हसू आलं. मी म्हणालो, "बाय, माझ्या पात्याखाली दुखतंय. दीड वर्ष झालं."

तिनं खराटा बाजूला ठेवला. हात झटकले, लुगड्याला पुसले. एवढं सगळं होऊनही तिनं हात पुसले. "हात वर करा."

मी केला.

"पुढं. आता मागं. हलला?"

"नाही."

तरीही तिनं माझा हात पाठीवर घेतला आणि चार बोटं पात्याखाली सरकवली. दोन श्वास थांबली. किती वर्षांनी ती बोटं मला लागत होती. अचूक त्याच जागी जाऊन थांबली, जिथं वापीच्या सुयाही पोचल्या नव्हत्या. मग बोटं काढून घेतली.

"खडा हाय. पण माझा नाय."

"पट्टी काढलीय, बाय. दोनदा. चांगली आहे."

"मंग डाक्तराचा बी नाय."

तिनं पुन्हा खराटा घेतला. दोन-चार हिर सारखे केले. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "उशीर झाला व्हता, आसा तुमी बोललात. कवा झाला उशीर, डाक्तर?"

तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. ती खरंच विचारत होती. पेशंटला विचारावं तसं, चढ चढताना वाढतं का, बसलं की थांबतं का. मला उत्तर माहीत होतं, चार दिवसांचा हिशेब तोंडपाठ होता. ते द्यायचं सोडून लहान पोरासारखा मी म्हणालो, "बाय, नुसता पाय तरी लाव."

हे शब्द तोंडातून गेल्यावर माझं मलाच ऐकू आलं, हे कुणाचे शब्द आहेत ते.

तिनं मान वर केली. डोळे अगदी कोरडे होते. "पाय लावला तं तुमाला वाटल बरा झाला," ती म्हणाली. पुढचं बोलली नाही. खराट्याला सुतळीचा शेवटचा वेढा दिला, गाठ मारली, दातानं तोडली.

मी उठून आलो. उन्हाळ्यात कळलं की तिचं घर धक्क्यांनी पडलं आणि ती सीमेपलीकडे लेकीकडे गुजरातेत राहायला गेली. तिकडे तिला कुणी पायाळू म्हणून ओळखत नाही. तेही बरंच, असं म्हणून मी तो विषय संपवला होता. सुमनवहिनींच्या सासूबाई अजून आहेत, आमच्या आळीतच आहेत, रोज सकाळी मला दिसतात. त्यांच्या अंगणापर्यंत पंचवीस पावलं आहेत.

तेवढी पावलं चालण्याऐवजी मी हे लिहिलं. वाटलं, लिहून टाकलं की खडा जरा जागचा सरकेल. आत्ता शेवटची ओळ लिहिताना पेन ठेवून डावा हात वर केला, पुढे घेतला, मागे घेतला.

नाही हलला.